बसलेला तोच श्रोता

या, असे उंबऱ्याशी का बसलात? पुढे सरका. अजून थोडे. गोष्ट सांगणाऱ्याचा निम्मा जीव ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत असतो आणि तुमचे डोळे मला इतक्या लांबून दिसत नाहीत. आज तुम्हाला एका मुलीची, तिच्या गोगलगाईंची आणि माझ्या फजितीची गोष्ट सांगतो. ही काही देवाची कथा नव्हे, पण मधूनमधून तो डोकावून गेला असावा असा माझा वहीम आहे. गर्दी जमली की त्याला राहवत नाही.

मी विद्यापीठात परीक्षा विभागाचा अधीक्षक. एके दिवशी वरून फर्मान आले की आपले संशोधक विद्यार्थी आणि कर्मचारी एकलकोंडे झाले आहेत, त्यांचा समूह व्हायला हवा, त्यांना संधी कळायला हव्यात, आणि त्यासाठी एक कक्ष स्थापन व्हावा. बैठक बोलावली गेली. कक्ष सांभाळायला कोण तयार आहे, असा प्रश्न झाला नेमका तेव्हा मी उठून उभा राहिलो होतो. मला पाणी प्यायचे होते. पण टाळ्या वाजल्या. वाजलेल्या टाळ्या परत घेता येत नाहीत, म्हणून मी पाणी न पिताच खाली बसलो आणि ‘संशोधक समूहजीवन व संधी कक्षा’चा प्रमुख झालो.

कक्ष म्हणजे जिन्याखाली एक टेबल. प्रमुख मी, कारकून मी, टेबल पुसणाराही मीच. पाटी रंगवणाऱ्याने अक्षरे इतकी मोठी काढली की शेवटचा ‘कक्ष’ पाटीत मावलाच नाही. उरले ‘संशोधक समूहजीवन व संधी’. येणारेजाणारे वाकून विचारायचे, “इथे संधी मिळते का?” आमच्या इमारतीतले विमाकाका (जन्मभर विमा विकला, आता सल्ले फुकट देतात) दुसऱ्याच दिवशी भाच्याला घेऊन आले. “याला कुठंतरी चिकटवा,” म्हणाले. पण बहुतेकांना स्वच्छतागृह हवे असायचे. ती संधी मात्र मी कोणालाही नाकारली नाही.

आता संशोधकांचे समूहजीवन म्हणाल, तर ते मला दिसले ते असे. एका लांबलचक बोळात दोन्ही बाजूंनी खोल्या, दारे बंद, आत एकेक जीव. शेजारशेजारच्या दोघांची ओळख असायची ती खोकल्यावरून. “पलीकडचा आज आलेला नाही वाटतं, खोकला नाही,” इतकी माया. डबे आपापल्या यंत्रापाशी बसून खायचे, आणि जिन्यात समोरासमोर आले की दोघांनीही पायऱ्या पाहायच्या. मी एक ओळखमेळावा भरवला. रसायनवाला आणि इतिहासवाली एकाच बाकावर बसून आपापल्या फोनमध्ये पाहत राहिले, आणि जाताना दोघांनी मला वेगवेगळे येऊन सांगितले, “छान झालं. फक्त माणसं ओळखीची नव्हती.”

बरे, पूर्वरंग लांबतोय. आमच्या कीर्तनकार बुवांचेही असेच होते. पण ते गाऊन सावरतात, मला ती सोय नाही. मुद्द्यावर येतो.

एके दिवशी टेबलासमोर एक मुलगी येऊन उभी राहिली. काहीतरी बोलली. मला वाटले, पंखा कुरकुरतोय. मी वर पाहिले. ती पुन्हा बोलली, तेव्हा ओठ हलताना दिसले.

“काका, माणसं मिळतील का?”

“माणसं? कशाला गं?”

“ऐकायला.”

तिचा विषय गोगलगाय. एक गोगलगाय दुसरीच्या चिकट वाटेवरून का चालते, यावर तिने सगळी उमेदीची वर्षे घातली होती. बोळातले तिला ‘गोगल’ म्हणायचे. गोगलगाय अन् पोटात पाय म्हणतात तसले काही नव्हे, पोरीच्या पोटात ना पाय होते ना पाप. प्रबंध लिहून तयार होता. पण प्रबंध देण्याआधी एक खुले चर्चासत्र द्यावे लागते आणि त्याला ठरलेल्या संख्येइतके श्रोते असावे लागतात. नसले तर सत्र रद्द. तिचे दोनदा रद्द झाले होते. पहिल्यांदा जे दोघे आले होते, त्यातला एक फक्त गारव्यासाठी आला होता. आता तिसरी आणि शेवटची संधी. हुकली तर नोंदणी संपणार आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून. लांबच्या एका प्रयोगशाळेने तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती, तीही जाणार.

“घरी काय म्हणतात?” मी विचारले.

“आईला वाटतं, माझं झालंय सगळं,” ती म्हणाली. “पहिल्यांदा रद्द झालं तेव्हा तिचं पथ्यपाणी चालू होतं, म्हणून खोटंच सांगितलं. आता ती सगळ्यांना सांगत सुटलीय.”

डोळे कोरडे होते, पण ओढणीचे टोक बोटाला गुंडाळून गुंडाळून बोट निळे पडले होते. मी म्हटले, “बाळ, बोट सोड आधी. माणसं काय, ढिगानं आणतो.”

हात दाखवून अवलक्षण ते हेच.

मी बोळात दारोदार हिंडलो. एक म्हणाला, “काका, माझ्या पेशींना त्याच वेळी खाऊ घालायचं असतं.” पेशी म्हणजे काचेच्या बशीतल्या, पण तो असे बोलला, जणू त्या दारात ताट घेऊन बसल्या आहेत. इतिहासवाली म्हणाली, “गोगलगाय माझ्या कालखंडात येत नाही हो.” आणखी एक जण खिडकीबाहेर पाहत बसला होता, तो म्हणाला, “मी सध्या विचार करतोय.” आता विचार करणाऱ्याला कुठून उठवायचे? हरी हरी म्हणत मी जिन्याखाली परतलो.

सभागृहाचे तर विचारूच नका. किल्ली हवी तर श्रोत्यांची हमी द्या, म्हणे. श्रोते म्हणायचे, सभागृह ठरू दे मग सांगतो. माझ्या नाकी नऊ आले. शेवटी किल्ली मिळाली, पण सभागृहातल्या बहुतेक खुर्च्या परीक्षेला गेल्या होत्या. म्हणजे परीक्षा द्यायला नव्हे, परीक्षागृहात. आणि त्या तिकडे पाठवायच्या कागदावर सही माझीच! उरल्या होत्या नियमाला लागतात तेवढ्या, आणि वर एक जास्तीची.

घरी शेजारीपाजारी जमून सल्ले सुरू झाले. विमाकाका म्हणाले, “आत आले की बाहेरून कडी घाला.” वरच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, “चहा शेवटी द्या भावजी. आधी दिलात की माणसं पितात नि पळतात.” आणि आमच्या खालचे शिंपीकाका, ज्यांचे गुडघे जन्मभर शिवणयंत्राचे पायडल मारून गेले होते, ते नुसते म्हणाले, “पोर जेवते का वेळेवर?”

आमची ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “अहो, तुम्हाला ऐकणारेच हवेत ना? मग आपली कीर्तनाची मंडळी काय गावाला गेलीय?”

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. अहो, खरेच की! आमची मंडळी म्हणजे ऐकण्यात मुरलेली. बुवा चुकले तरी माना डोलावतात, बुवा थकले तर “हं, पुढं?” म्हणून उचलून धरतात. आणि आमचे बुवाच सांगतात ना, श्रोता देवाने धाडलेला असतो, त्याला तू कुठला म्हणून विचारू नये. मी विचारले नाही. नियमाच्या कागदावर श्रोता कोणाला म्हणावे हे लिहिलेले असेल, अशी शंकाही मला आली नाही. जन्मभर बुवांपुढे बसलेल्या माणसाला ती येणारच नाही.

सत्राच्या दिवशी मंडळी वेळेआधी हजर. ठेवणीतले कपडे, वहिनींच्या केसांत फूल, विमाकाकांच्या खिशाला दोन पेने. सवयीप्रमाणे सगळ्यांनी पादत्राणे दाराबाहेर काढली. विद्यापीठाच्या इतिहासात चर्चासत्राबाहेर चपलांचा ढीग पहिल्यांदाच पडला असेल. बाहेरगावहून आलेले तज्ज्ञ दारात थबकले, त्यांनी ढीग पाहिला, माझ्याकडे पाहिले, आणि निमूटपणे बूट काढले. त्यांच्या एका मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता. हिने लगेच नजर दुसरीकडे वळवली; माझ्या मोज्यांबाबत तिने एवढे सौजन्य कधी दाखवलेले नाही.

मुलगी बोलायला उभी राहिली. मागे पडद्यावर भलीमोठी गोगलगाय. ओठ हलू लागले. पंखा कुरकुरू लागला. पहिल्या रांगेतून शिंपीकाका म्हणाले, “बाळ, जरा मोठ्यानं. एवढ्या लांबून तुझ्या गोगलगाई ऐकायला आलोय.”

तिच्या मार्गदर्शक बाई दचकल्या. असे मध्ये बोलायची तिकडे रीत नाही. पण मुलीने शिंपीकाकांकडे पाहिले, ते हनुवटीखाली दोन्ही हात घेऊन आजोबा नातीकडे पाहतात तसे पाहत होते. तिने घसा साफ केला.

“पुढे चालणाऱ्या गोगलगाईला,” ती म्हणाली, आणि या वेळी पंखा हरला, “आपली चिकट वाट स्वतः करावी लागते. त्यात तिची पुष्कळ शक्ती जाते. मागून येणारी त्याच वाटेवरून चालली, तर तिचे कष्ट वाचतात.”

“अगं बाई!” वहिनी उद्गारल्या. “थोरल्या सुनेसारखंच की! तिनं मर मर मरायचं आणि धाकटीनं आयतं यायचं!”

“तुम्ही थोरल्या का वहिनी?” तज्ज्ञांनी विचारले. म्हणजे बघा, अंगठा कसा माणसाला सैल करतो.

“सांगायला हवं का?” वहिनी म्हणाल्या, आणि सगळे सभागृह खो खो हसले. मुलगीसुद्धा हसली. हसण्याबरोबर तिचा आवाज कुठून तरी सुटून बाहेर आला तो आलाच. मंडळी माना डोलावू लागली. “अरेरे,” “वा वा,” “हं, पुढं?” पडद्यावरच्या चलचित्रात गोगलगाय फाटे फुटलेल्या वाटेवर आली की विमाकाका पुढे वाकून म्हणायचे, “डावीकडे जा, डावीकडे!” मी मागे उभा राहून मनातल्या मनात हात जोडत होतो, तेवढ्यात दार उघडले आणि कलमसाहेब आत आले.

कलमसाहेब म्हणजे आमचे उपकुलसचिव. नाव काही असो, त्यांच्या तोंडी सदैव नियमाचे अमुक कलम, म्हणून कलमसाहेब. श्रोते मोजून सही करायचा अधिकार त्यांचा. जास्तीची खुर्ची त्यांचीच होती. मोजणाऱ्याला आणि सत्र भरवणाऱ्याला श्रोत्यांत धरत नाहीत. दबक्या पावलांनी ते रांगेतून फिरू लागले.

“आपला विभाग?” त्यांनी वहिनींना हळूच विचारले.

“दुसरा मजला.”

“आपला?”

“विमा,” विमाकाका म्हणाले. “निवृत्त.”

“आणि आपला?”

“शिवण,” शिंपीकाका म्हणाले. “थांबा हो, ती वळतेय बघा.”

कलमसाहेबांनी मला खुणेने कोपऱ्यात बोलावले. “हे कोण आहेत?”

“श्रोते आहेत साहेब.”

“नियमाप्रमाणे श्रोता म्हणजे या विद्यापीठातला संशोधक किंवा कर्मचारी.”

“पण साहेब, कान आहेत त्यांना. आणि मनसुद्धा.”

“कलमात कानांचा उल्लेख नाही.” त्यांचा आवाज कडक नव्हता, उलट, दाढ दुखत असलेल्या माणसासारखा होता. “हे फार तर उपस्थित नागरिक. सत्र संपेपर्यंत मी थांबतो. पण संख्या भरली नाही, तर सही करता येणार नाही हो मला.”

समोर ती पोर हात पसरून, डोळे चमकवून सांगतेय, आणि तिला ठाऊक नाही की ती आगीतून निघून फुफाट्यात उभी आहे. हिने माझा चेहरा पाहिला आणि लांबूनच भुवई उडवली, काय झालं? मी मान हलवली. संसार एवढा झाल्यावर एवढे पुरते.

तेवढ्यात पुन्हा हशा झाला आणि दार किलकिले झाले. पेशीवाला डोकावत होता. त्या सभागृहातून हसण्याचा आवाज त्याने कधी ऐकला नव्हता. बाहेर चपलांचा ढीग पाहून तर कोणी गेले-बिले की काय अशी भीती त्याला वाटली होती. “काका, काय चाललंय?” मी ओठांवर बोट ठेवले आणि त्याला दंडाला धरून आत ओढले. त्याच्यामागून इतिहासवाली. मग रसायनवाला. मग विचार करणारा, त्याचा विचार बहुधा संपला असावा. मग अंगात पांढरे झगे घातलेले चौघेपाच, मग ग्रंथालयातल्या बाई. सगळे अनवाणी, भिंतीला टेकून. माझ्या मनात मृदंग वाजू लागला. मी कलमसाहेबांकडे धावलो. “साहेब! मोजा! हे सगळे आपलेच!”

कलमसाहेबांनी खिन्नपणे कागद पुढे केला. “कलमात शब्द आहे ‘आसनस्थ’. बसलेला तोच श्रोता. उभा माणूस केव्हाही निघून जाऊ शकतो.”

“पण खुर्च्या परीक्षेला गेल्यात साहेब!”

“सही तुमचीच आहे त्यावर,” ते म्हणाले.

हे बोलणे जरा मोठ्याने झाले असावे, कारण आमची ही उठली. तिने पेशीवाल्याला खांद्याला धरून आपल्या खुर्चीत बसवले. “बस रे बाळा. बसून बसून माझे पाय आखडलेत.” वहिनी तिच्याकडे पाहतात न पाहतात तो उठल्या. विमाकाकांनी इतिहासवालीला अशी खुर्ची दिली, की जणू पॉलिसीच देत आहेत. कोणी काही विचारले नाही, कोणाला काही समजावून सांगावे लागले नाही. पंगतीत घरची माणसे मागे सरून पाहुण्यांना जागा देतात, तशी आमची मंडळी एकामागून एक उठत गेली आणि भिंतीला लागली. मुलगी बोलतच होती. पण आता तिला कळले होते काय चालले आहे ते. प्रत्येक खुर्चीगणिक तिचा आवाज थोडा कापायचा आणि पुन्हा सावरायचा.

शेवटी एकच राहिले. शिंपीकाका.

समोर उभा होता त्या मुलीच्या शेजारच्या खोलीतला, खोकल्यावरून ओळखला जाणारा. शिंपीकाका काठीवर भार देऊन उठले. गुडघे लटपटत होते. “ये,” ते म्हणाले, “बस.”

“नाही आजोबा, तुम्ही बसा.”

“अरे बस म्हणतो ना.”

“मला नाही बसवणार, आजोबा. तुम्ही असे उभे असताना नाही बसवणार.”

रिकामी खुर्ची मध्ये, दोघे दोन बाजूंना. पोरीचे बोलणे थांबले. तज्ज्ञांचे टिपण घेणेही थांबले. एका माणसाने बसायचे तेवढे बाकी होते आणि तो बसत नव्हता. आणि खरे सांगतो, तो बसला असता तर मला आवडले नसते.

मग मागून एक खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. कलमसाहेब उठले होते. त्यांनी आपली खुर्ची दोन्ही हातांनी उचलून पहिल्या रांगेत आणून ठेवली, शिंपीकाकांच्या खुर्चीशेजारी. खोकलेवाल्याला म्हणाले, “तुम्ही इथं बसा.” शिंपीकाकांना म्हणाले, “आणि तुम्ही तिथंच बसा. मोजणाऱ्यानं बसलंच पाहिजे असं कुठल्याही कलमात नाही.”

त्यांनी उभ्यानेच बोट फिरवत मोजले. भिंतीवर कागद टेकवून उभ्यानेच सही केली. शिंपीकाका तेवढे नागरिक म्हणून वगळले; बाकी संख्या बरोबर भरली. मग पेनाचे टोपण लावून ते मुलीकडे पाहून म्हणाले, “हं. पुढं?”

पुढे तिने जे सांगितले ते मी अर्धेच ऐकले, कारण डोळ्यांत काहीतरी गेले होते. तज्ज्ञांनी विचारले, हे वाटेमागे जाणे नुसता योगायोग कशावरून नसेल? तेव्हा तिने असे ठणकावून उत्तर दिले की विमाकाका म्हणाले, “शाब्बास!” आणि मार्गदर्शक बाईही या वेळी दचकल्या नाहीत. चहा वहिनींच्या सल्ल्याप्रमाणे शेवटी दिला. कोणीच पळाले नाही. पेशीवाल्याच्या पेशी उपाशी राहिल्या आणि तो वहिनींना त्यांची नावे सांगत बसला. मुलीने जिन्यात जाऊन आईला फोन लावला, “आई, झालं गं,” म्हणाली, आणि पलीकडून आई म्हणाली असावी की ते तर मागेच झालं ना, कारण पोर हसता हसता पायरीवर बसली आणि मग कितीतरी वेळ रडली. ही तिच्या शेजारी जाऊन बसली. मी पाटीखाली उभा राहून लोकांना स्वच्छतागृह दाखवत होतो.

मुलगी त्या लांबच्या प्रयोगशाळेत गेली. बोळातली दारे हल्ली उघडी असतात. दर आठवड्याला कोणी ना कोणी आपला विषय सांगतो, मंडळी असतातच, आणि दाराबाहेर चपला इतक्या होतात की विमाकाका दोनदा दुसऱ्याच्या घालून घरी आले.

आणि कलमसाहेब. त्या दिवसापासून ते प्रत्येक सत्राला येत, आणि मागच्या भिंतीशी उभे राहत. आम्ही खुर्ची पुढे करायचो. “मी मोजायला आलोय,” म्हणायचे. मग ते निवृत्त झाले. मोजायला दुसरे साहेब आले, तरी हे येत. मी म्हणायचो, “साहेब, आता तरी बसा.” ते म्हणत, “माझ्यापायी एक खुर्ची वाया घालवू नका. मी आता मोजण्यातला उरलो नाही.” बोलणाऱ्याचा आवाज अडला, की मागून हळूच यायचे, “हं, पुढं?”

हल्ली ते येत नाहीत. पाय साथ देत नाहीत, जिना चढवत नाही, असे त्यांच्या सूनबाई म्हणतात. आता तुम्ही उठाल, आपापल्या घरी जाल. माझे एवढेच मागणे आहे: कुठे कोणी भीत भीत बोलत असेल आणि तुम्ही ऐकायला बसला असाल, तर क्षणभर मागच्या भिंतीकडे वळून पाहा, आणि आमच्या कलमसाहेबांची आठवण काढा.